जनरल हुंदका

आमच्या स्टुडिओत नाटकं रेकॉर्ड होतात आणि ॲपवर जातात. किस्से मात्र आमच्याकडेच साचून राहतात. पूर्वी ते सांगताना हसू यायचं, हल्ली चिडचिड होते.

स्टुडिओ म्हणजे नगरमधल्या एका फ्लॅटची बेडरूम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या. रेकॉर्डिंग नितीनकडे. आमच्या ऑडिओ मालिकेत मी भाचा आणि शालनताई माझी आत्या. ताई कोल्हारहून एसटीने यायच्या आणि लोक मालिका ऐकायचे ते त्यांच्यासाठी.

*

पहिल्याच दिवशी ताईंनी मला झापलं. "वाक्य आनंदाचं, अन् त्वांड का एरंडेल प्यायल्यावानी?"

"ताई, ऐकणाऱ्याला तोंड कुठं दिसतंय?"

"आवाजात दिसतंय! आतून कितीबी रडू येऊ दे, ओठ पसरायचे. आवाज आपसूक हसतो."

करून पाहिलं, खरंच हसला! तेव्हापासून आनंदाचा सीन आला की नितीन हेडफोनमधून ओरडायचा, "ओठ!"

*

मालिकेत आत्याचा नवरा वारला, त्या दिवशी खिडकी उघडी राहिली. ताईंचा आक्रोश अख्ख्या सोसायटीने ऐकला. दुपारी खालच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन हजर! मयताच्या घरी चूल पेटत नाही ना.

"कोण गेलं हो?"

"आत्याचा नवरा," नितीन म्हणाला.

"अरेरे! वय काय होतं?"

नितीन स्क्रिप्ट चाळायला लागला. पिठलं फर्स्ट क्लास होतं.

*

मग मालिका पुण्याच्या एका कंपनीने घेतली. त्यांचे साहेब आले. म्हणाले, "ताई, तुमचा आवाज जपून ठेवायचाय." दिवसभर ताईंकडून हसणं, रागावणं, उसासे, सगळं सुटं सुटं रेकॉर्ड करून घेतलं.

"आता फक्त हुंदका."

"कुनासाठी रडू?"

"कोणासाठीच नाही. जनरल हुंदका द्या."

"जनरल रडाया मला येत न्हाई, साहेब."

शेवटी ताईंनी डोळे मिटले, वारलेल्या आईला आठवलं आणि असा हुंदका दिला की नितीनने हेडफोन काढून ठेवला. साहेब म्हणाले, "परफेक्ट! नेक्स्ट, जांभई."

*

थोड्या दिवसांनी ताईंना मेसेज गेला, यायची गरज नाही. मालिकेत आत्या मात्र बोलतच राहिली! कॉम्प्युटरने ताईंच्या आवाजातून नवी आत्या बनवली होती. साहेबांनी कौतुकाने आम्हाला ऐकवली.

"ही श्वासच घेत नाही," नितीन म्हणाला.

"काढून टाकलेत! एपिसोड आटोपशीर होतो."

इतका राग मला आजवर कोणाचाही आलेला नाही, आणि तो अजून गेलेला नाही.

*

परवा मालिकेत आत्याच्या मुलीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आत्याने हुंदका दिला. मी आणि नितीनने एकमेकांकडे पाहिलं आणि ताईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, एपिसोड ऐकला का?"

"ऐकला की. आमच्या सासूबाई तर फोनवर म्हनल्या, लई झ्याक रडलीस गं! त्यांना वाटतंय मी अजून नगरला जाती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगायचं? माझ्या आईचं रडं त्या पोरीच्या लग्नात लावलंय म्हनून सांगू?"

"तुम्ही बऱ्या आहात ना, ताई?"

फोनवर एक लांब श्वास ऐकू आला. मग खणखणीत, हसरा आवाज आला, "मी? अरं, एकदम मजेत हाय!"

नितीनने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "ओठ."