शाळेसमोरची टपरी

काल भाजी घेऊन परतताना मी शाळेसमोरच्या टपरीपाशी थबकले. आमच्या गल्लीतली सायली मैत्रिणींना घेऊन तिथे उभी होती. तिचा थोरला भाऊ सध्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे.

"काका, दादाने गुटख्याची पहिली पुडी इथूनच घेतली होती. शाळेत होता तेव्हा," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही भांडायला नाही आलो. शाळेसमोर हे विकू नका, एवढंच सांगायचंय."

टपरीवाल्या काकांनी टांगलेल्या पुड्यांच्या माळा उतरवायला घेतल्या.

मुलांची काळजी मोठ्यांनी घ्यायची असते, असं आपण धरून चालतो. इथे मुलीच साऱ्या गल्लीची काळजी वाहत होत्या.

"दादा घरी आला की भेटायला पाठव," काका म्हणाले.

"एकट्याला नाही पाठवणार. मी घेऊन येईन," सायली म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.