उजेडातले कोंब

लेकीच्या, हेरानच्या पोटातलं मूल सुखरूप जन्माला येईल ना, ही धास्ती सनओकच्या मनातून काही केल्या जात नव्हती. धास्तीचं कारण जावई, मानसोप.

मानसोपला व्यसन कसलंच नव्हतं. व्यसन असतं तर सोडवता तरी आलं असतं. त्याला होता तो हुरूप. नोकरी सोडून त्याने मध विकला, मग बांबूच्या उशा विकल्या, आणि दर वेळी जगाला अक्कल नाही असं ठरवून घरी येऊन बसला. आता तो सोयाबीनचे कोंब काढायला शिकला होता, आणि नीट शिकायच्या आत नवशिक्यांसाठी व्हिडिओही काढू लागला होता. तेही कोरियातल्या जॉन्जू शहरात, जिथल्या म्हाताऱ्या अर्धवट झोपेत उठूनसुद्धा कोंबांवर पाणी घालतात.

सनओक बघायला गेली. बुडाला भोकं असलेलं मातीचं भांडं त्याने चक्क खिडकीत, उन्हात मांडलं होतं. कोंबांची डोकी हिरवी, मुळं बुळबुळीत, वास आंबूस.

"जावईबापू, वरचं काळं फडकं कुठंय?"

"काढून टाकलं, आई. अंधारात कोण वाढतं? तुमच्या पिढीचं आपलं, झाका आणि लपवा. आणि व्हिडिओत दिसायला नको का?"

"कोंब उजेडात आले की कडू होतात. काही माणसांचंही तसंच असतं."

तो मनापासून हसला. टोमणा दुसऱ्या कुणाला असावा असंच त्याला वाटलं.

मग त्याने वाडगाभर कोंबांवर व्हिनेगर शिंपडून ते हेरानपुढे ठेवले. कच्चे! झाकण न उघडता उकळल्याखेरीज इथे कुणी कोंब तोंडात घालत नाही. पण शिजवलं की सत्त्व मरतं, असं जावईबापूंचं संशोधन. सातव्या महिन्यातली पोर मान खाली घालून खात राहिली. स्वयंपाकघरात सनओकने तिचा दंड धरला तेव्हा ती पुटपुटली, "पोट सारखं बिघडतंय गं. पण नको म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं होतं."

भांडं कचऱ्यात ओतून भागणार नव्हतं. बादलीत नवं सोयाबीन भिजत होतंच. मानसोप बायकोचं ऐकत नव्हता, डॉक्टरचं तर नाहीच. तो टरकायचा ते एकाच माणसाला, बाजारात खारवलेले मासे विकणाऱ्या आपल्या आईला.

व्याह्यांचं घर आणि संडास जितके लांब तितके बरे, असं इथले लोक म्हणतात. दोघी विहिणी सणाला फळांची पेटी पाठवण्यापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. मुलीच्या आईने आपणहून जावयाची कागाळी करायची, म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

कापलं तर कापलं. घरी परतताना सनओकने बसथांब्यावरच पिशवी खाली ठेवली आणि विहिणीचा नंबर शोधायला घेतला.