कॅसेटमधलं अंगण

बीबी सलमा गेल्याचा तिच्या मुलीचा फोन आला, त्याला आता महिना होईल. शारजात आमच्या समोरच्याच दारात राहणारी ही झांझिबारची म्हातारी. माझ्या बायकोनं, सुनंदानं, हातातली पोळी तशीच ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलोच नाही...

कॅसेटचं प्रकरण नव्वदच्या दशकाच्या शेवटचं. मी टीव्ही-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस, त्यात घरी नवाकोरा कॉम्प्युटर आलेला, त्यामुळे स्वतःला फार मोठा समजत होतो. बीबीनं रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट आणली. त्यात झांझिबारच्या घरात, अंगणात बसून तिची आई लग्नातली स्वाहिली गाणी म्हणत होती. आईचा आवाज उरला होता तो एवढाच, आणि टेप पार जीर्ण झालेली. म्हटलं, "बीबी, फिकर मत करो, एकदम साफ सीडी बना दूंगा."

आठवडाभर खपलो. खरखर दाबली. दोन गाण्यांच्या मधल्या कोंबड्या, भांडी, हसणाऱ्या बायका, सगळं कापून टाकलं. डिस्कवर जागा पुरेना म्हणून टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलेली मूळ कॉपीही पुसली. जपायचं म्हणजे घासूनपुसून लख्ख करायचं, एवढीच माझी अक्कल. बीबीनं सीडी शेवटपर्यंत ऐकली.

"बेटा, बाकी औरतें किधर गयीं? अम्मा किसके लिए गा रही है?"

मी खजील झालो. टेप पुन्हा लावायची माझी छाती होईना. तीच म्हणाली, "यल्ला, चलाओ." मी टेप लावली आणि या वेळी सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर भरून घेऊ लागलो. कोंबड्या आल्या, बायका आल्या, बीबी हसत हसत एकेकीचं नाव सांगू लागली. शेवटच्या गाण्याला मशीननं टेप गिळली आणि तिचा पार चुरा झाला. ते गाणं आता माझ्या साफ कॉपीतच तेवढं राहिलं होतं. त्यात अम्मा एकटी होती. मला रडू आलं.

बीबी मात्र माईक मागून मोकळी झाली. मी ते गाणं स्पीकरवर लावलं आणि रेकॉर्डिंग चालू केलं. तिनं सुनंदाला शेजारी बसवून घेतलं, तोंडाशी हात धरून, तिकडच्या लग्नांत बायका देतात तशी, लुलुलु अशी ललकारी दिली. सुनंदानं टाळ्यांचा ठेका धरला. तेवढ्यात आमच्या कुकरनं शिट्टी दिली. तीही कापायची नाही, असा बीबीचा हुकूम झाला.

परवा त्या रेकॉर्डिंगची सीडी लावली. शेवटच्या गाण्यात कुकर वाजला आणि सुनंदा गॅस बारीक करायला उठली. गॅसवर काहीच नव्हतं.

"बैठ, सुनंदा," स्पीकरमधून बीबी म्हणाली, "अम्मा गा रही है."

सुनंदा खाली बसली.