कोरडी काख

अंबरनाथच्या आमच्या छोट्या नर्सिंग होममध्ये कुंदाताई बावीस वर्षं सिस्टर आहेत. राहायला कुळगावला. मागून सगळे त्यांना कडकलक्ष्मी म्हणतात. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि एक सांगते, त्यांचा आवाज जेवढ्या वेळा चढलेला ऐकला तेवढ्या वेळा चूक समोरच्याची होती.

बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून पदू हर्नियाच्या ऑपरेशनला आला होता. सोबत बायको, बाळी. कमरेत भूल दिल्यावर त्याची नाडी मंदावली म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. त्यात गैर काही नाही, सगळीकडे देतात. पण दुपारी हा गरीब स्वभावाचा माणूस हवेतल्या मुंग्या वेचायला लागला. बाळीलाही ओळखेना.

डॉक्टर पुष्कर दारातूनच म्हणाले, दारू सुटलीय, डोंगरातले सगळे पितात, हातपाय बांधा आणि फेनरगन देऊन झोपवा. निदान करायला आत यायचेसुद्धा कष्ट नकोत. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कुंदाताईंनी सिरिंज भरलीच नाही. त्यांनी पदूच्या काखेत हात घातला.

"दारू सुटलेला माणूस घामानं निथळतो, डॉक्टर. ही काख तव्यासारखी कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांच्या बाहुल्या बघा केवढ्या झाल्यात. लघवी तुंबलीय. हे ॲट्रोपिन अंगात जास्त झाल्याचं लक्षण आहे. फेनरगननं हे आणखी वाढेल. मी देणार नाही."

डॉक्टर भडकले. एवढ्याशा इंजेक्शननं असं होत नाही म्हणाले, आणि ते मात्र खरं होतं. मग बाकीचं आलं कुठून? कुंदाताई बाळीजवळ जमिनीवर बसल्या. काख बघताना त्यांना पदूच्या छातीत बारीक घरघर ऐकू आली होती. औषधाचं नाव न काढता, याला दम लागला की तुम्ही काय करता, एवढंच विचारलं.

"धोतऱ्याची सुकी पाना वढतो, बाय," बाळी म्हणाली. "दम दिसला तर आपरेशन व्हनार नाय, असा सायबानीच सांगितला ना. म्हनून सकाळी संडासात जाऊन तीन बिड्या वढल्या त्यानी."

धोत्र्यात ॲट्रोपिनच असतं. त्यावर आमचं इंजेक्शन पडलं होतं.

कुंदाताईंनी नळी घातली, तुंबलेली लघवी काढली. सलाईन चालू ठेवून ओल्या फडक्यानं अंग पुसत राहिल्या. बाळीला उशाशी बसवलं, ओळखीचा आवाज कानावर पडावा म्हणून. दिवेलागणीला पदूनं बाळीला हाक मारून पाणी मागितलं.

तरीही डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी 'दारू सुटल्याने भ्रम' असं ठोकून दिलं. पदू दारूला शिवतसुद्धा नाही. कुंदाताईंनी कार्ड त्यांच्या टेबलावर आपटलं आणि सगळा दवाखाना ऐकेल अशा आवाजात खोडायला लावलं. डॉक्टरांनी निमूटपणे 'धोत्रा' लिहिलं. बरी जिरली, मी मनात म्हटलं.

मग त्या माझ्याकडे आल्या आणि पदूचा भरतीचा फॉर्म पुढे धरला. 'चालू औषधे' याच्यापुढे 'काही नाही' असं लिहिलेलं. अक्षर माझं होतं.

"औषध म्हणजे गोळी, असंच बाळीला ठाऊक. ती खोटं बोलली नाही," त्या म्हणाल्या. "विचारताना तू मान तरी वर केली होतीस का?"

मी केली नव्हती. त्या दिवशी माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.