कुठे तुटलंय ते दाखवा

दिनकर खाचणे भुसावळहून लखनऊला आले ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून, आणि निवृत्त झाले तेही फिटर म्हणूनच. आलमबागेत घर झालं, दारात एक सेकंडहँड गाडी आली. त्या गाडीतला एकही नट असा नव्हता, जो त्यांच्या हाताने निघून परत बसला नव्हता.

ती गाडी मुलाने विकायला लावली. हृषीकेश पुण्यात नोकरीला. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आला आणि जाताना नवी गाडी दारात उभी करून गेला. मराठी त्याला सगळं समजतं, पण तोंड उघडलं की हिंदी.

"पप्पा, बोनेट मत खोलना. कुछ भी हो, सर्विस सेंटर को फोन."

"आणि टायर पंक्चर झाला तर?"

"सेंटर."

ऑपरेशननंतर नयनाताईंना मंगळवारी आणि शुक्रवारी छावणीजवळच्या दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागे. नेणं-आणणं दिनकररावांकडे. निवृत्त माणसाला घरात फारशी कामं उरत नाहीत. हे एक उरलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

गाडी मात्र त्यांना जवळ येऊ देईना. किल्ली फिरवायची सोय नाही, बटण दाबायचं. दार नीट लागलं नाही की गाडी ओरडते. ओरडते ती ओरडते, वर पुण्यात हृषीकेशच्या मोबाइलवर चुगली करते. पेट्रोल भरायला थांबले तरी त्याला कळतं. सुनेला स्वयंपाकघरात सासूने बघावं तसं ही गाडी आपल्याकडे बघते, असं ते नयनाताईंना म्हणत. नयनाताई म्हणत, "मग आता कळलं ना कसं वाटतं ते?"

अशात खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये सगळे विश्वकर्म्याची पूजा करत. तिथे दिनकरराव हात जोडून प्रसाद घेत. पण हत्यारांची खरी पूजा घरी, खंडेनवमीलाच. आणि पूजेआधी यंत्र धुवायचं. वरवर पुसून चालत नाही. तेलकट, धुळकट यंत्रावर हळदकुंकू वाहणं म्हणजे पाहुण्याला खरकट्या ताटात जेवायला वाढणं. जुनी गाडी ते दरवर्षी बोनेट उघडून, नळी लावून, काथ्याने घासून धूत.

त्यांनी नव्या गाडीचं बोनेट उघडलं. आत इंजिन दिसेना. सगळीकडे काळं प्लास्टिक. ते झाकण त्यांनी उचकटून बाजूला ठेवलं आणि नळी सोडली. कोपरे, खाचा, पाइपांच्या मागची धूळ, काही सोडलं नाही. मग पुसून, झेंडूची माळ घालून बटण दाबलं.

समोरच्या पडद्यावर दिवेच दिवे. इंजिन सुरू झालं, पण गाडी सायकलच्या चालीपुढे जाईना. त्यांनी हात पुसायच्या आत फोन वाजला.

"पप्पा, क्या किया आपने?"

"पूजा."

"पानी डाला?"

"मग काय दूध घालू?"

हृषीकेश हसला नाही. "बस हो गया. सोमवार से ड्राइवर आएगा. आप पीछे बैठिए."

"माझ्यामुळे बिघडली हे कुणी ठरवलं? नवी गाडी चार थेंब पाण्याने बसते? आधी बिघाड काय ते बघू. माझी चूक निघाली तर ठेव ड्रायव्हर. नाही निघाली तर गाडी मीच चालवणार."

"ठीक है," हृषीकेश म्हणाला. "सेंटर जो बोलेगा."

दिनकररावांनी त्या दिवशी जमेल ते सगळं केलं. जोड सोडवून कोरड्या फडक्याने पुसले. नयनाताईंचं केस वाळवायचं यंत्र फिरवलं. बोनेट उघडं ठेवून गाडी उन्हात उभी केली. संध्याकाळी इंजिनाचा आवाज एकदम साफ. दिवे मात्र तसेच, आणि चालही तीच सायकलची. हाताला कोरडं लागत होतं, कानाला ठीक वाटत होतं, आणि तरी गाडी नाही म्हणत होती. माणसाने अजून काय करायचं?

शेवटी निशातगंजच्या पुढच्या सर्व्हिस सेंटरचा ट्रक येऊन गाडी उचलून घेऊन गेला. दुरुस्त झाल्याचा फोन आला तेव्हा दवाखान्यातून परतताना दोघं रिक्षाने तिकडेच गेले. काउंटरवर विश्वजित नावाचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण होता; पुण्यात शिकलेला, मराठी समजणारा.

"हो गया अंकल जी. पार्ट बदल दिया. यहाँ साइन कर दीजिए."

"जुना पार्ट दाखवा."

"वो कंपनी को वापस जाता है."

"जाऊ दे. आधी दाखवा. मोडका पार्ट बघितल्याशिवाय मी आजवर नव्याची सही केलेली नाही."

विश्वजितने नयनाताईंकडे पाहिलं. "आंटी जी..."

"माझ्याकडे बघू नका भैया," नयनाताई म्हणाल्या. "घरात मिक्सरचं पातंसुद्धा बघितल्याशिवाय बदलू देत नाहीत."

विश्वजित आत गेला आणि तळहाताएवढी काळी डबी घेऊन आला. दिनकररावांनी ती उजेडात धरली. चारही बाजूंनी चिकटवून बंद केलेली. स्क्रू नाही. तडा नाही, घासल्याची खूण नाही, जळल्याचा वास नाही. हलवून पाहिली. आवाज नाही.

"कुठे तुटलंय?"

"टूटा नहीं है अंकल. बस, बोल नहीं रहा."

"म्हणजे?"

"बाकी गाड़ी पूछती है, ये जवाब नहीं देता. कंप्यूटर में इतना ही आता है."

"पाण्याने गेलं?"

"हो सकता है."

"होऊ शकतं म्हणजे काय? हो की नाही?"

"अंकल, बिना पानी के भी जाते हैं. खोलकर देखना हमें भी मना है."

दिनकररावांनी डबी पुन्हा एकदा फिरवून पाहिली. आयुष्यभर त्यांनी तुटलेल्या लोखंडाकडून उत्तर घेतलं होतं. लोखंड खोटं बोलत नाही; कडा बघितली की कळतं, ओझ्याने मोडलं की कुणाच्या हलगर्जीपणाने. ही डबी निर्दोष म्हणत नव्हती आणि दोषीही म्हणत नव्हती. त्यांनी ती काउंटरवर आपटलीच असती. पण आपटली नाही, ठेवली, आणि सही केली.

मग तिथूनच पुण्याला फोन लावला.

"ड्रायव्हर पाठव."

"मतलब पानी से ही हुआ?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. पण वर्कशॉपमध्ये कारण सापडलं नाही, की शेवटचा हात ज्याचा, बिघाड त्याच्या नावावर लागायचा. दुसऱ्यांच्या नावावर मी खूप लावलेत. इथे शेवटचा हात माझा होता."

"पप्पा, ऐसा नहीं है..."

"असंच आहे. ठेवतो."

परत येताना गाडी तेच चालवत होते. गाडी निशातगंजच्या बाजारात शिरली. मग नयनाताई म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही माझ्याजवळ मागेच बसा. पुढे बसलात तर त्या बिचाऱ्याला सारखं शिकवाल."

"चुकला तर शिकवायला नको?"

"चुकायच्या आधीच शिकवता, म्हणून म्हणते."

त्यांना काहीतरी तिखट सुचलं होतं. तेवढ्यात डाव्या गल्लीतून एक ई-रिक्षा आडवी आली. दिनकररावांचा पाय ब्रेककडे गेला, पण त्याआधीच गाडीने स्वतःच ब्रेक दाबला होता.