उघडा राहिलेला खण

एक्सएमएल या कॉम्प्युटरच्या खुणांच्या भाषेसाठी भरलेल्या बैठकीत तज्ज्ञांची ओळख करून दिली जात होती आणि मी त्यांचे हात बघत होते. माहितीला खुणा कशा लावायच्या याचे नियम आम्ही ठरवतो, पण आलोय सगळे भलतीकडूनच. छापखान्यातून आलेले गृहस्थ अजूनही कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममधून आलेल्या बाई शेजाऱ्याचीही फाईल सरळ करून ठेवतात. पहिली नोकरी डोक्यातून जाते, हातातून जात नाही.

मग माझे जुने ग्रंथपाल साहेब बोलायला उठले. माझी पहिली नोकरी त्यांच्या हाताखाली, ग्रंथालयात. तिथे ते पुस्तकांच्या कार्डांचा खण ओढायचे, कार्ड बघायचे आणि खण तसाच टाकून निघून जायचे. तो बंद करायची मी, बहुतेक वेळा गुडघा आपटल्यावर. कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाच्या यादीतून माझं नाव खोडून म्हणाले होते, "तुम्ही आपले खण बंद करा, बाई." पुढे मी पदरमोड करून शिकले. पण ते वाक्य विसरले नाही.

आज पडद्यावर साहेबांची फाईल उघडेना. उघडलेली प्रत्येक खूण बंद करावी लागते; एक राहिली तरी सगळं अडतं. कुठली राहिली ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. साहेब माझ्याकडे वळले.

"बाई, जरा येता का इकडे?"

"ज्यानं उघडलं त्यानंच बंद करावं, साहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

माझे हात मांडीवरून हलले नाहीत. किती वर्षांनी गुडघ्याला बरं वाटलं!