आप्पांचा साकव हलतो किती

आमच्या महिपत आप्पांना साकवाबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला खपत नाही. अलोऱ्याजवळ आमच्या वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, हा लोखंडी पायपूल त्यांनी तरुणपणी, वेल्डरची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत जोडला. कमळाकाकी, त्यांची बायको, तिथंच भाकरी घेऊन जायची. आम्ही पोरं शाळेला जाताना मुद्दाम उड्या मारायचो नि साकव झोपाळ्यासारखा हलायचा. ते सुख पुन्हा कुठल्याच पुलावर मिळालं नाही.

यंदा शिमग्याआधी गावात प्रश्न निघाला, साकव आता जुना झाला, त्यावर दरवर्षीसारखी पालखी नाचवायची की नाही? आप्पांची नात अक्षया इंजिनिअर. ती म्हणाली, मोजूनच सांगते. तिनं कठड्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले आणि काठावर स्टँडला एक साधा कॅमेरा लावला, लग्नात असतो तसला. माणसं चालली की ते कागद किती हलतात, हे व्हिडिओवरून लॅपटॉप सांगणार होता.

नात परीक्षा घेतेय म्हटल्यावर साकव पास व्हायलाच हवा! आप्पा गुपचूप घरोघरी सांगून आले. झालं, दुसऱ्या दिवशी सगळं गाव मांजराच्या पावलांनी साकवावरून गेलं. आमच्यातल्या निलेशनं तर चपला हातात घेतल्या.

अक्षयाला हसू आवरेना. "आप्पा, हा हललाच नाय तर मला कळणार काय?"

"आणि हलला तर बंद करशील ना गो?"

"पालखीखाली माणसं असतात, आप्पा."

आप्पा साकवाकडे वळले. मग स्वतःच ओरडले, "नेहमीसारखे चाला रे!"

संध्याकाळी अक्षयानं साकवाचं हलणं कितीतरी पट मोठं करून दाखवलं. पलीकडचं टोक भलतंच उसळत होतं. तिथला आधार सुटला होता. आप्पांचे डोळे भरले. "बरा झाला, कमळा हे बघायला नाय राहिली," म्हणाले, आणि मग, "सांग गावाला. पालखी नको."

शिमग्याला पालखी रस्त्यानं वळसा घालून आली नि अलीकडच्या काठावरच नाचली. आप्पा घोळक्यात नुसतेच उभे. निलेश म्हणाला, "आप्पा, खांदा द्या की!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं पालखी साकवावर नाचायची, तेव्हा आप्पा खाली वहाळात उभे राहून आपण वेल्डिंग केलेल्या जोडांकडे बघत असायचे. पालखीला त्यांनी खांदा कधी दिलाच नव्हता.

त्या दिवशी आप्पा असे नाचले, की त्यांना आवरायला अक्षयालाच मध्ये पडावं लागलं.